एक्केचाळीस नंबरचा अंगठा

सकाळी पावणेदहाला विष्णुपुरीच्या विद्यापीठातल्या आपल्या विभागात, टेबलाशी उभ्या उभ्याच चहा घेताना दिपालीला तो अंगठा दिसला आणि कप बशीत नीट न बसता कडेवर टेकला. थोडा चहा सांडला. फार काही नाही. पण एकशे सव्वीस फॉर्मांच्या गठ्ठ्यावर ओघळ जाऊ नये म्हणून तिनं जो वरचा कागद झटकन उचलला, तो तिच्या हातातच राहिला. क्रमांक एक्केचाळीस. ठिकाण: ग. उत्तर देणारी व्यक्ती: स्त्री, वय अंदाजे सत्तर. कसत असलेली जमीन: नाही. खाली जांभळ्या शाईत डाव्या हाताचा अंगठा, आणि त्या अंगठ्यावर वरून खाली तिरपी गेलेली एक कोरी रेघ. रेघेच्या अलीकडं वळणं दाट उठलेली, पलीकडं अर्धवट. विळ्यानं कापलेला अंगठा असाच उठतो. मराठवाड्यात विळ्यानं अंगठा कापून घेतलेल्या बायांना तोटा नाही, असं तिनं स्वतःला लगेच सांगून टाकलं. स्वतःला सांगायच्या अशा गोष्टी तिच्याजवळ नेहमी तयार असत. पण तिनं कागद खिडकीच्या उजेडाकडं धरला. हा अंगठा तिच्या तापलेल्या कपाळावर फिरलेला होता. दुधात भाकरी कुस्करताना तिनं तो रोज बघितला होता, आणि लहानपणी एकदा त्याच रेघेवरून आपलं बोट फिरवत, दुखतं का गं, असं विचारलंही होतं. हा पारूआत्याचा अंगठा होता.

तिनं फॉर्म पालथा ठेवला, पुन्हा उलथा केला. गावाचं नाव त्यावर नव्हतं. असणारच नव्हतं, तो नियम तिचाच होता. दोन जिल्ह्यांच्या हद्दीवरच्या नऊ लहान शहरांचा कचरा एकाच ठिकाणी आणून भरायचा आणि ती जागा गणितानं ठरवायची, हे काम दीड वर्षापूर्वी विभागाकडं आलं, तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं अट घातली होती. चार जागांची नावं कुणालाच कळता कामा नयेत; मलासुद्धा नाही. क, ख, ग, घ एवढंच. नावांची यादी पाकिटात घालून, लाख लावून विभागप्रमुख शिवशंकर सरांच्या कपाटात. नकाशे आले तेही वरचं-खालचं नाव कापून, दिशा फिरवून. समितीतल्या लोकांना हा प्रकार जरा नाटकी वाटला होता. पण दिपालीला माणसं ठाऊक होती. नाव कळलं की माणूस आधी निकाल ठरवतो आणि मग त्याला शोभतील असे आकडे गोळा करतो, हे तिनं इतक्या बैठकांत बघितलं होतं की स्वतःला त्यातून वगळण्याचा उद्धटपणा तिला करवला नाही. आता तो नियम एका अंगठ्यानं मोडला होता, आणि कळलेलं परत न-कळलेलं करायची सोय तिच्या गणितात कुठंच नव्हती.

निकाल तर आठवड्यापूर्वीच तयार होता. ग पहिल्या नंबरावर. चौतीस टक्के गुण. त्याच्या मागं ख, एकोणतीस. भूजल खोल, उतार बरा, डांबरी रस्ता जवळ. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जमीन सरकारी, पडीक. कुणाचं पोट तिच्यावर अवलंबून नाही. सत्तावीस घरांचे सत्तावीस फॉर्म, आणि सत्तावीसही ठिकाणी लिहिलेलं: नाही. इतकी एकसारखी उत्तरं आली तेव्हा तिला बरं वाटलं होतं. संशोधकाला असं बरं वाटतं तेव्हा त्यानं जरा थांबावं, हे ती वर्गात मुलांना शिकवायची.

खालून शिवशंकर सरांच्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. तीन वाजता लातूरला समितीची बैठक होती. तिथं ती निकाल मांडणार होती आणि जागेवर शिक्का बसणार होता. तिनं एक्केचाळीस नंबरचा फॉर्म गठ्ठ्यात न ठेवता पर्समध्ये घातला. हे तिनं का केलं ते तिला सांगता आलं नसतं.

गाडी लोह्याच्या रस्त्याला लागली. सर पुढं, ड्रायव्हरशेजारी; ती मागं, मांडीवर लॅपटॉप. सर स्वभावानं मऊ, निवृत्तीला चौदा महिने राहिलेले, आणि या प्रकल्पाचा अहवाल हे त्यांच्या नोकरीतलं शेवटचं मोठं काम. सकाळपासून ते खुशीत होते. मॅडम, आजवर अशा जागा पुढाऱ्यांच्या गाडीत ठरल्या, आज पहिल्यांदा गणितात ठरणार, असं ते मागं वळून म्हणाले, आणि दिपाली हसली. तिचं हसू तिला स्वतःलाच ऐकू आलं. बाहेर हरभऱ्याची काढणी चालू होती. वाकलेल्या बाया एका रेषेत पुढं सरकत होत्या, आणि दिपाली त्यांच्या डाव्या हातांकडं बघत होती. रोपं धरणारा हात डावा, विळा उजव्यात. म्हणून कापतो तो डावाच अंगठा, आणि सरकारला लागतो तोही डावाच. हे आपल्याला आजवर सुचलं कसं नाही, याचं तिला नवल वाटलं आणि मग त्या नवलाचाच राग आला. खडकमाळावर, जळकोटपासून सात-आठ किलोमीटरवरच्या त्या गायरानात, आत्याही आत्ता अशीच वाकलेली असणार. तीन एकर. त्यातला दीड एकर दिपालीच्या वडिलांनी, पंढरीनं, पहारीनं दगड उचकटून उचकटून कसायला काढला होता आणि ते गेल्यावर तोही आत्याच बघत होती. सगळी वस्ती तशीच. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या माळावर पेरत होती, खात होती, पोरं शिकवत होती. दिपाली स्वतः त्या माळावरच्या ज्वारीवर एमएस्सी झाली होती. आणि तिच्याच एक्सेलमध्ये त्या माळापुढं लिहिलं होतं, शून्य.

आत्या खोटं का बोलली असेल? तिनं फॉर्म हळूच बाहेर काढला. समासात पेन्सिलीनं ऋतुजाचं बारीक अक्षर होतं. ऋतुजा तिची विद्यार्थिनी, मुदखेडची, भारी नेटकी. प्रत्येक फॉर्मावर काहीतरी टिपून ठेवणारी. पद्धत अशी होती की उत्तर देणाऱ्यासमोर दोन चित्रं ठेवायची, समजा पाणी आणि रस्ता, आणि हातात नऊ चिंचोके द्यायचे. जे जास्त महत्त्वाचं वाटतं त्यावर जास्त चिंचोके ठेवा. दोन-दोन गोष्टी अशा एकमेकींशी तोलत गेलं की शेवटी प्रत्येकीचं वजन निघतं, आणि त्या वजनानं मग जागा तोलायच्या. चिंचोक्यांची कल्पना दिपालीची. समितीला ती फार आवडली होती. एक्केचाळीस नंबरच्या समासात ऋतुजानं लिहिलं होतं: आजींनी प्रत्येक वेळी आठच मांडले, एक मुठीत ठेवला. विचारलं तर नुसत्या हसल्या. फॉर्म संगणकात मुलींनीच भरले होते, पण ऋतुजानं हे तेव्हा सांगितलं होतं, ते दिपालीला आठवत होतं. ग मधल्या बहुतेक बायांनी तसंच केलं होतं, बेरजा जुळत नव्हत्या, आणि तिनं संगणकाला सांगून आठाचे नऊ करून घेतले होते. दोन मिनिटांचं काम. आता गाडीत बसल्या बसल्या तिला घरातला पत्र्याचा डबा दिसला, ज्वारीचा. आणि दळणाला धान्य काढताना तळाशी एक मूठ तशीच ठेवून झाकण लावणारी आत्या. डबा पुरा रिकामा करायचा नसतो, काहीतरी मागं ठेवायचं असतं. वस्तीतली प्रत्येक बाई असंच करी. दिपाली स्वतः नांदेडच्या फ्लॅटमध्ये आजही तांदळाचा डबा पुरा रिता होऊ देत नव्हती. मग तिला हे ओळखू आलं नाही ते कसं? तिला इतकी शरम वाटली की तिनं काच खाली केली. वाऱ्यानं कागद फडफडला आणि सरांनी वळून बघितलं. काही नाही सर, गरम होतंय, ती म्हणाली.

माळाकोळी मागं पडल्यावर तिनं ते केलं. नुसतं बघायला, असं स्वतःला सांगत केलं. उपजीविकेचं वजन अकरा टक्के होतं. तिनं त्या चौकटीत सतरा लिहिलं आणि बाकीची थोडी थोडी कमी केली. मग ग समोरचं शून्य काढून अगदी लहान, कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही असा आकडा घातला. एंटर. खालची रांग हलली. ख एकतीस, ग तीस. हिरवा रंग एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेला. आवाज नाही, काही नाही. अख्खी वस्ती वाचली होती, आणि समितीत बसलेल्या अकरा जणांपैकी एकालाही ते समजलं नसतं. सरांनाही नाही, सरांचा तिच्या आकड्यांवर देवासारखा विश्वास होता. तिनं स्क्रीनकडं बघत श्वास सोडला. त्या क्षणी तिला आनंद झाला, लबाडी जमल्याचा साधा, मोकळा आनंद, आणि तो आनंद तिला ओळखीचा वाटला. हा तिला पूर्वी एकदा झालेला होता. कधी, ते मात्र आठवेना.

मग नजर ख वर गेली. ख म्हणजे काय? पाकिटातलं नाव तिला ठाऊक नव्हतं. शिरूर अनंतपाळच्या बाजूला असावं, असं मातीच्या नमुन्यांवरून तिला वाटे; पण वाटणं वेगळं. ख चे चौतीस फॉर्म गठ्ठ्यात होते. त्यातही अंगठे होते. तिनं ते काढून एकेक बघितले. गोल, पसरट, एकावर शाई जास्त झालेली, एक इतका झिजलेला की नुसता डाग. एकही अंगठा तिला ओळखता येत नव्हता. यातला कुणी तिच्या कपाळावरून फिरलेला नव्हता, म्हणून ती कचऱ्याच्या गाड्या त्यांच्या दारी वळवत होती. पुढाऱ्यांच्या गाडीत दुसरं काय होत असेल? अहमदपूरच्या अलीकडं रस्त्याचं काम चालू होतं, गाडी धुळीत रेंगाळत होती, आणि दिपाली त्या हिरव्या ओळीकडं बघत वीस मिनिटं तशीच बसून राहिली. शेवटी तिनं सतराचे अकरा केले, बाकीचेही आकडे होते तसे केले. हिरवा रंग ग वर परत आला. तिनं लॅपटॉप मिटला.

अहमदपूरला सर चहाला थांबले. दिपाली हॉटेलच्या मागं, रिकाम्या क्रेटच्या थप्पीशी उभी राहिली आणि तिनं फोन लावला. आत्याचा फोन बटणाचा. ती तो कनवटीला बांधून रानात नेई. बराच वेळ वाजला.

जेवलीस का, कुठं हायीस, पोरं बरी हायीत का, हे सगळं आत्यानं ठरल्या क्रमानं विचारून घेतलं. दिपालीनं ते होऊ दिलं. मग विचारलं, दिवाळीच्या सुमाराला चिंचोके घेऊन पोरी आल्या होत्या का? आल्या होत्या. लई गोड पोरी, आत्या म्हणाली. चहा दिला, शेंगा दिल्या. त्या कशासाठी विचारत होत्या ते सांगितलं होतं का? पाण्याचं काहीतरी सांगत होत्या, आत्या म्हणाली. दिपालीच्याच सूचनेत लिहिलेलं होतं, की प्रकल्पाचं नाव आधी सांगू नये, उत्तरं बदलतात.

"मग शेती न्हाई म्हणून कामून सांगितलंस, आत्या?"

पलीकडं वारा वाजत होता. "तूच शिकविलंस न्हवं," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात दोष नव्हता. असलाच तर थोडा अभिमान होता.

आणि मग तो आनंद कुठला ते दिपालीला आठवलं. आठवलं असं म्हणणंही खरं नाही. ते तिथंच होतं, तिनं त्यावर झाकण लावलेलं होतं. ती अकरा वर्षांची. वडील नांदेडला बांधकामावर गेलेले. गायरानात कोण कोण कसतंय ते लिहून घ्यायला दोन साहेब जीपमधून आले, आणि वस्तीत एकच धावपळ उडाली. नाव लागलं की नोटीस येणार, नोटीस आली की नांगर जप्त होणार. पुरुष माणूस एक ठिकाणावर नाही. विहाराच्या ओट्यावर साहेबांनी कागद काढले आणि विचारलं, इथं लिहिता-वाचता कुणाला येतं? दिपाली पुढं झाली. चौथीत केंद्रात पहिली आलेली पोर, अक्षर मोत्यासारखं. साहेबाला कौतुक वाटलं, त्यानं तिच्याच हातात पेन दिलं. एकेक बाई येऊन बसली आणि दिपालीनं प्रत्येकीच्या नावापुढं स्वतःच्या अक्षरात लिहिलं: शेती नाही. मजुरी. शेती नाही. मजुरी. ज्या बाया घुटमळल्या त्यांच्या कानात तिनं सांगितलं, कागद आला की म्हणायचं, आमचं काहीच न्हाई. साहेब चहा पिऊन निघून गेले. नोटीस आली नाही, नांगर गेला नाही. वस्तीनं तिला डोक्यावर घेतलं. आत्यानं कानशिलावर बोटं मोडली. पंढरी परत आला तेव्हा मात्र तो ओट्यावर गप्प बसून राहिला. पोरीला तो काही बोलला नाही. पुढं दोन-तीन वर्षांनी जुनी वहिवाट नावावर करायचा हुकूम निघाला आणि पुरावा मागितला गेला, तेव्हा शेजारच्या गावातल्या ज्यांना नोटिसा आल्या होत्या त्यांनी त्याच नोटिसा पुढं केल्या आणि सातबारा घेतला. हाकलून देण्याचा कागद हाच राहत असल्याचा कागद ठरला. खडकमाळाच्या वस्तीजवळ असला कागदच नव्हता. तिथल्या दप्तरात एका चौथी पास पोरीच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं, की इथं कुणी काही पेरत नाही. पंढरीनं मरेपर्यंत तिला हे ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं, असं दिपालीला आज वाटलं. त्याचं न बोलणं तिनं अठ्ठावीस वर्षं माफी म्हणून वापरलं होतं.

तिनं आत्याला सगळं सांगितलं. कचऱ्याचं, नऊ शहरांचं, तीन वाजताच्या बैठकीचं. काही न सांगितलं तर माळ जाणार. सांगितलं तर अतिक्रमण म्हणून नोंद होणार, नोटिसा निघणार, आणि पुढं माळ राहील की जाईल याची हमी ती देऊ शकत नव्हती. तिचं गणित तिथपर्यंत जात नव्हतं. हे सांगताना तिचा आवाज फुटला आणि चहाचे ग्लास विसळणाऱ्या बाईनं मान वर करून बघितलं.

आत्यानं हातातला विळा खाली टाकल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "माझं सांग. माझं तीन एकर हाय म्हणून सांग. बाकीच्याचं मी कशी सांगू? ज्याचं त्यानं सांगावं. तुझा लंबर विहाराच्या भितीवर लिवलाय. मी फिरते घरोघर. ज्याला सांगायचंय त्यो तुला मिस कॉल दील."

"आनि न्हाई दिला तर?"

"तर मग त्येचं तू बोलू नकोस," आत्या म्हणाली, आणि लगेच, "एवढा हरभरा टाकून जाते बग," म्हणून फोन बंद झाला.

अहमदपूर ते लातूर दिपालीनं फोन हातातून सोडला नाही. चाकूर गेलं. एकही कॉल नाही. सर आता तिच्याकडं आरशातून बघत होते; काही झालंय का, असं त्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी तिनं सांगून टाकलं. ग मला कळलंय सर, ते माझं गाव आहे. सरांनी आरशातली नजर काढून घेतली. रस्त्याकडं बघतच ते एवढंच म्हणाले, की मग तुम्ही आज बोलू नका, मी मांडतो. निकाल तुम्हाला कळायच्या आधी लागलेला आहे, तो निर्दोष आहे. माणूस वाईट नव्हता. त्यांना तिला वाचवायचं होतं आणि अहवालही वाचवायचा होता, आणि दोन्ही एकाच वाक्यात होत होतं. निर्दोष, हा शब्द दिपालीच्या डोक्यात लातूर येईपर्यंत कुसळासारखा टोचत राहिला. सुसंगतीची तिची चाचणी अशी होती की उत्तरं एकमेकांना छेद देत नसतील तर ती ग्राह्य. ग ची उत्तरं एकमेकांना कुठंच छेद देत नव्हती. खोटं सगळ्यांनी मिळून, एकाच पद्धतीनं, एकाच पोरीकडून शिकून सांगितलं, की ते किती सुसंगत होतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी सभागृहात पंखे सुरू झाले. अकरा माणसं, पाण्याच्या बाटल्या, खारे काजू. अध्यक्ष मृदू बोलणारे, कामाला उशीर न आवडणारे अधिकारी. सरांनी लाखेचं पाकीट सगळ्यांसमोर फोडलं, नावं वाचली, आणि निकाल मांडला. दिपाली त्यांच्या शेजारी बसली होती. फोन समोर, पालथा. तीन पंचवीस. तो गप्प होता. कुणी दिला नाही, तिला वाटलं, भ्यायले. तिला त्यांचा राग आला नाही, कारण हे भिणं तिनंच त्यांना पेन धरून शिकवलं होतं. अध्यक्षांनी नकाशावर पेन्सिल ठेवली आणि सहज विचारलं, "म्हणजे ग ला विस्थापन शून्य, असंच ना?"

सर "हो" म्हणाले. त्यांचं हो पुरतं खाली बसायच्या आत दिपाली उभी राहिली होती.

"नाही," ती म्हणाली. "तीन एकर. पारूबाई नावाची बाई तिथं पंचेचाळीस वर्षं पेरतीय. ती माझी आत्या आहे. फॉर्मावर तिनं नाही म्हणून सांगितलंय, ते खोटं आहे. आणि ते खोटं मी शिकवलेलं आहे."

तिनं एक्केचाळीस नंबरचा फॉर्म टेबलावर सरकवला. मग जितक्या कोरड्या शब्दांत जमेल तितक्या कोरड्या शब्दांत ती बोलली: ग चं शून्य हे शून्य नाही, ते न मिळालेलं उत्तर आहे, ज्याला उत्तर नाही अशा जागेवर निकाल देता येत नाही, आणि मी नात्यातली निघाले, तेव्हा पुढचं काम माझ्याकडं राहू नये. ही सगळी वाक्यं तिनं गाडीत पाठ केली होती. पहिलीच तेवढी केली नव्हती.

अध्यक्ष रागावले नाहीत. ते फक्त बारकाईनं बघू लागले, आणि ते जास्त वाईट होतं. म्हणजे सरकारी जागेवर अतिक्रमण आहे आणि आमच्या सल्लागारांना ते पहिल्यापासून माहीत होतं, असं त्यांनी शांतपणे, लिहून घेणाऱ्याला सोपं जावं अशा बेतानं म्हटलं. कोपऱ्यातल्या लिपिकानं ते लिहिलं. एका घरासाठी आपण दीड वर्षाचं काम मागं घ्यायचं का, असं कुणीतरी विचारलं. सर खिडकीकडं बघत होते. दिपालीनं वही पुढं ओढली. एकच घर होतं. आत्यानं तेवढंच दिलं होतं.

तेव्हा फोन थरथरला. एकदाच, आणि थांबला. तिनं तो सुलटा केला. अनोळखी नंबर. खाली ठेवेपर्यंत पुन्हा थरथरला, तुटला. वेगळा नंबर. मग तिसरा. लाकडी टेबलावर फोन किड्यासारखा सरकत होता. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, फोन बंद ठेवा."

"ठेवता येत नाही, साहेब," दिपाली म्हणाली. "सर्वेक्षणाची उत्तरं येतायत."

तिनं वहीच्या समासात एकेक उभी रेघ ओढायला सुरुवात केली. कुणी हसलं नाही. चौथी, पाचवी, सहावी. मधे दोन मिनिटं काहीच आलं नाही. मग एकदम तीन आले. लिपिकानं लिहिणं थांबवून तिच्या समासाकडं मान लांब केली होती. अकराव्या रेघेला सर खिडकीकडून वळले. पावणेचारला अध्यक्षांनी निर्णय पुढं ढकलला: ग ची जागेवर जाऊन नव्यानं मोजणी, जे कसताना आढळतील त्यांना रीतसर नोटिसा, आणि काम दुसऱ्या तज्ज्ञाकडं. नोटिसा, हा शब्द दिपालीनं वहीत लिहून घेतला. तो वस्तीला वाचवेल की बुडवेल, तिला माहीत नव्हतं. वस्तीच्या नावानं येणारा तो पहिला कागद असणार होता, एवढंच माहीत होतं. तिला भीती वाटत होती आणि हलकंही वाटत होतं, आणि यातलं कुठलं किती, ते तिला तोलता येत नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात येऊन तिनं फोन लावला. आत्यानं पहिल्याच घंटीला उचलला. ती वाट बघत बसली असणार.

"किती आले?"

"तुझं धरून एकोणीस."

"आठ जन भ्याले," आत्या म्हणाली. कोण कोण ते तिला पाठ असणार, पण तिनं नावं घेतली नाहीत. मग तिनं विचारलं, की आता ते लोक पुन्हा येतील का, पुन्हा लिहून घेतील का. येतील, दिपाली म्हणाली, नोटीसही येईल. मागं बाया बोलत होत्या, कुणीतरी हरभऱ्याच्या पेंढ्या उचलायला सांगत होतं.

"मग या बारीला मी उजवा देते," आत्या म्हणाली. "डाव्यानं खोटं दिलंय."

दिपालीनं व्हरांड्याच्या कठड्यावर हात टेकला. तो एक्केचाळीस नंबरचा कागद आत टेबलावरच राहिला होता, अध्यक्षांच्या पाण्याच्या बाटलीखाली.

"डावाच दे, आत्या," ती म्हणाली. "त्येच्यावर वण हाय. वळखू येतो."